जांभळी पडलेली फिल्म आणि मागच्या काचेच्या रेघा: एका जुन्या गाडीचं प्रकरण

गाडी २०१० सालची, जीए-०५ नंबरची, म्हणजे फोंड्यात नोंदलेली हॅचबॅक. मालक माझे सासरे, निवृत्त शिक्षक, राहणार माशेल. गाडी एकाच हातातली, किलोमीटर बेताचे, खालून दोन ठिकाणी गंज धरलेला. गोव्यात एवढा गंज माफ असतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे चालवायची असेल तर गाडी तपासून घ्यावी लागते आणि मग पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. चारचाकीसाठी त्याचं शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झालं. सासऱ्यांच्या गाडीची मुदत संपत आली तेव्हा इंजिन, ब्रेक, दिवे यांची काळजी कुणालाच नव्हती. अडचण होती ती मागच्या तीन काचांवर (दोन दारांच्या आणि मागच्या मोठ्या) चिकटवलेल्या काळ्या फिल्मची.

फिल्म गाडी घेतली त्याच वर्षी लावलेली. त्या काळी नव्या गाडीची पूजा आणि तिच्या काचा काळ्या करणं ही कामं जवळजवळ एकाच आठवड्यात उरकली जात. नियम तेव्हाही होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या मोठ्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. पण रस्त्यावर तो मोजणार कोण? २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका यांच्या जनहित याचिकेवर निकाल दिला आणि टक्क्यांचा वादच मिटवला: प्रकाश कितीही जात असो, काचेवर काळी फिल्म किंवा दुसरं कुठलंही साहित्य लावायचं नाही. त्यानंतर नाक्यानाक्यावर तपासणी सुरू झाली. सासऱ्यांनी घाईघाईने पुढच्या दोन दारांची फिल्म एका दुकानातून काढून घेतली. मागच्या तीन काचा ‘मागाहून बघू’ या सदरात गेल्या आणि तिथेच राहिल्या.

माझा मेव्हणा या बाबतीत वकिली करायला तयार होता. त्याचं म्हणणं, ‘भावोजी, आता फिल्म चालते. केरळात कोर्टाने सांगितलंय.’ त्यात तथ्य आहे. नियम १०० मध्ये बदल झाला, तो १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला, आणि त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ७० आणि ५० टक्क्यांच्या मर्यादेतली फिल्म चालू शकते असं म्हटलं. पण या गाडीवरची फिल्म त्या मर्यादेच्या आसपासही नव्हती. मागच्या सीटवर बसून बाहेर पाहिलं तर भर दुपारी तिन्हीसांज झाल्यासारखी वाटायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी पाचशे आणि पुन्हा सापडलात तर दीड हजार दंड, हा भाग वेगळाच. त्याहून मोठं कारण साधं होतं. सासऱ्यांचं वय सत्तरीपलीकडे, आणि रात्री गाडी मागे घेताना त्यांना मागचं काहीच दिसत नव्हतं. अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा एक कोपरा त्याची साक्ष देत उभा आहे.

काचांवर नेमकं काय होतं

काम सुरू करण्याआधी पाहणी केली, कारण ‘फिल्म काढायची’ एवढंच वाक्य डोक्यात ठेवून कामाला लागलेला माणूस हमखास फसतो. पहिला प्रश्न, काच मुळातच रंगीत आहे की वर फिल्म आहे? दाराची काच चार बोटं खाली घेऊन तिची वरची कड पाहिली की हे कळतं. फिल्म कडेपासून एखाद-दोन मिलिमीटर अलीकडे संपते आणि तिथे रेषा दिसते. कारखान्यातूनच आलेला हिरवट रंग काचेच्या अंगात असतो, तो निघत नाही आणि काढायचाही नसतो. इथे दोन्ही होतं: हिरवट काच आणि तिच्यावर आतल्या बाजूने फिल्म.

मागच्या दोन दारांवरची फिल्म रंगाने उडालेली, पण बऱ्यापैकी चिकटलेली. मागच्या मोठ्या काचेवरची मात्र पार जांभळी झालेली आणि फोडांनी भरलेली. स्वस्त फिल्ममध्ये काळेपणा येतो तो रंगद्रव्यांच्या मिश्रणातून. ऊन लागलं की ती सगळी सारख्या गतीने उडत नाहीत. काही आधी जातात, आणि जे मागे उरतं ते जांभळं दिसतं. फोड येतात ते गम सुटल्यामुळे. काचेवरची पकड गेली की मध्ये हवा साचते आणि फिल्म फुगते. मागची काच तिरकी असल्याने डोक्यावरचं ऊन ती दारांच्या उभ्या काचांपेक्षा जास्त झेलते, म्हणून तिची अवस्था जास्त वाईट. शिवाय तिथे फिल्म तीन पट्ट्यांत लावलेली होती. गोलाईच्या काचेवर एकच तुकडा उष्णता देऊन बसवायला हात बसलेला असावा लागतो. तेवढी मेहनत नको असेल तर पट्ट्या कापून एकीवर एक थोडी चढवतात. जिथे पट्टीवर पट्टी चढते तिथे काढताना दुप्पट गम भेटणार, हे तेव्हाच लिहून ठेवलं.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी होती डिफॉगरची, म्हणजे मागच्या काचेवरचं धुकं घालवणाऱ्या सोयीची. मागच्या काचेवर आडव्या, बारीक, तपकिरी रेघा असतात. त्या चांदी असलेल्या लेपाच्या असतात. काच बनवतानाच तो लेप आतल्या बाजूवर छापून भाजून बसवतात. बटण दाबलं की त्यातून वीज वाहते, रेघ तापते आणि काचेवरचं धुकं जातं. गोव्यात याची गरज काय, असं विचारणाऱ्याने जुलैच्या पावसात चोर्ला घाटातून एकदा गाडी न्यावी. या रेघा आतल्या बाजूला, फिल्मही आतल्या बाजूला, म्हणजे फिल्मचा गम थेट रेघांवर बसलेला. फिल्म ओढताना किंवा ब्लेड चालवताना रेघेला एक केसाएवढी चीर गेली तरी ती अख्खी रेघ बंद पडते.

म्हणून पहाटे, काचेवर दव असताना, डिफॉगर चालू करून पाहिला. एक सोडून बाकी रेघांच्या जागी काच स्वच्छ होत गेली. खालून तिसरी रेघ मेलेली होती. मेव्हण्याने मल्टिमीटर आणला. एक टोक गाडीच्या पत्र्याला, दुसरं रेघेवर. चांगल्या रेघेच्या मध्यावर साधारण सहा व्होल्ट दिसतात. तुटलेल्या रेघेवर एका बाजूला जवळजवळ बारा आणि दुसऱ्या बाजूला शून्य. आकडा जिथे उडी मारतो तिथे तूट. या रेघेची तूट डाव्या टोकापासून वीतभर अंतरावर निघाली. फिल्मला टोचून रेघेपर्यंत पोचावं लागलं, पण ती फिल्म नाहीतरी जाणारच होती. ही तपासणी आधी केल्याचा एक घरगुती फायदाही झाला. नंतर ‘ही रेघ कोणी तोडली’ यावर घरात चर्चा झाली नाही.

काय नाकारलं आणि का

या कामाचं मर्म एका वाक्यात सांगता येतं: फिल्म निघणं अवघड नाही, गम फिल्मबरोबर निघतो की काचेवर राहतो यावर सगळं ठरतं. गम बरोबर आला तर काच अर्ध्या तासात मोकळी. मागे राहिला तर अख्खा दिवस गमाशी झटापट, आणि त्या झटापटीतच काच ओरखडते, रेघा तुटतात, दाराचं पॅड डागतं. त्यामुळे प्रत्येक पद्धत पाहिली ती या एकाच कसोटीवर.

फिल्म ही पॉलिएस्टरची, आणि पाणी तिच्यातून आत जात नाही. त्यामुळे ‘साबणाचं पाणी मारा, फिल्म फुगून निघेल’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. पाणी फक्त कडांमधून आणि फाटलेल्या जागेतून शिरतं. उष्णता मात्र फिल्ममधून सरळ गमापर्यंत जाते. गम थंड असला की ताठ असतो. अशा वेळी ओढलं तर फिल्म फाटते किंवा तिचे थर सुटतात आणि गम काचेला धरून राहतो. फार तापला तर काकवीसारखा तारा सोडतो आणि फिल्म ताणली जाते. या दोहोंच्या मधली ऊब हवी.

अमोनियाची पद्धत जगभर चालते: बाहेरून काळं प्लास्टिक, आतून अमोनिया फवारून वर दुसरं प्लास्टिक, गाडी उन्हात. गम सैल होतो हे खरं. पण बंद गाडीत अमोनियाचा वाफारा म्हणजे डोळे आणि घसा दोन्हींचा जीव घेणं. शिवाय तो सीटच्या कापडात मुरतो आणि तांब्या-पितळेच्या जोडांना खातो. फोंड्याच्या बाजारात रसायनाच्या दुकानातून आणता आला असता, पण ज्या घरात सासूबाईंना दमा आहे त्या घराच्या अंगणात ही बाटली उघडायची नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. घरात कुणाला दमा नसता तरी माझं मत फार वेगळं नसतं.

हीट गनही बाजूला ठेवली. शेजारच्या सुताराकडे होती आणि तो द्यायला तयारही होता. पण तिची हवा तीनशे अंशांच्या वर सहज जाते. बाजूच्या आणि मागच्या काचा टफन्ड, म्हणजे तापवून झपाट्याने थंड करून कणखर केलेल्या असतात. त्या पुढच्या काचेसारख्या दोन थरांच्या नसतात आणि फुटल्या की दाण्यादाण्यांनी फुटतात. अशी काच एरवी दणकट असते, पण तिच्या कडेला आधीच एखादी बारीक चीर असेल आणि एकाच जागी भसकन उष्णता पडली तर भरवसा नाही. सवयीच्या हाताने हीट गन चालवणारे लोक आहेत. आमच्यात तसा हात कोणाचा नव्हता.

राहिले दोन उपाय: कपड्यांना इस्त्रीऐवजी वापरतात तो वाफेचा स्टीमर, आणि मे महिन्याचं ऊन. स्टीमर मेव्हण्याच्या बायकोचा. ‘गमाचा एक थेंब जरी लागला तर नवा आणून द्यायचा’ या अटीवर मिळाला. वाफ शंभर अंशांच्या पुढे फारशी जात नाही, त्यामुळे काचेला धोका कमी. शिवाय फिल्म उचलली की तिच्या मागे ओल शिरते आणि गम लगेच पुन्हा चिकटत नाही. ऊन फुकटचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस यायच्या आत काम उरकायचं होतं.

दुकानात विचारलं नव्हतं असं नाही. दराबद्दल तक्रार नव्हती. पण ‘मागच्या रेघांची गॅरंटी नाही’ हे वाक्य ऐकून सासरे उठले.

दारांच्या काचा

पहिलं काम झाकण्याचं. दारावर काचेचं बटण असतं आणि वाफेचं पाणी थेट त्यावरच येतं. बटणावर प्लास्टिक, कडेने चिकटपट्टी, दाराच्या पॅडवर जुना टॉवेल. दाराच्या आत गेलेल्या पाण्याची फारशी काळजी नको. पावसाचं पाणी तिथे जातच असतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. बटणाचं मात्र तसं नाही.

काच थोडी खाली घेतली म्हणजे वरची कड रबरातून मोकळी होते. उजव्या दारापासून सुरुवात. स्टीमरचं तोंड काचेपासून दोन बोटं दूर ठेवून वरच्या कोपऱ्यावर वाफ दिली, नखाने कोपरा उचलला, आणि मग एका हाताने वाफ पुढे-पुढे, दुसऱ्या हाताने फिल्म मागे-मागे. फिल्म काचेला जवळजवळ समांतर ठेवायची आणि कातडं सोलावं तशी सावकाश ओढायची. वेग इतका कमी की पाहणाऱ्याला कंटाळा यावा. उचललेल्या कडेकडे पाहत राहायचं. फिल्मच्या मागे गमाची धूसर साय दिसत असेल तर बरोबर चाललंय. काच चिकट राहतेय असं बोटाला लागलं तर थांबायचं, मागे जायचं, पुन्हा वाफ द्यायची. उजवी काच एका सलग तुकड्यात निघाली. तो तुकडा मेव्हण्याने दोरीवर वाळत घातला. का, ते त्यालाच माहीत.

डाव्या काचेवर त्याने स्वतः हात लावला. पहिला अर्धा भाग सुरेख गेला. मग वीज गेली. वीज आल्यावर स्टीमर पुन्हा तापेपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढा धीर त्याला नव्हता. ‘उन्हाने तापलीच आहे काच’ म्हणत त्याने ओढली. टर्रकन आवाज आला आणि हातात आला तो फक्त वरचा, रंगाचा थर. खालचा पारदर्शक थर गमासकट काचेवरच राहिला. अनेक फिल्म दोन थरांच्या असतात आणि थंड्या गमावर जोर पडला की ते थर एकमेकांपासून सुटतात. हे झालं की पुष्कळ लोक ब्लेड घेऊन त्या पारदर्शक थराला मधूनच खरवडायला लागतात, आणि तिथून दिवस वाया जातो. करायचं एवढंच असतं: मधला भाग विसरायचा, दुसऱ्या एखाद्या न उचललेल्या कोपऱ्याकडे जायचं, तिथे वाफ देऊन दोन्ही थर मिळून एक कड उचलायची आणि तिकडून नव्याने सुरुवात करायची. खालचा कोपरा रबराच्या पट्टीत दडलेला होता. तो जुन्या एटीएम कार्डाने उचलला. रंग गेलेला थर निघायला लागला तेव्हा मेव्हणा म्हणाला, ‘हे तर उलट सोपं झालं, भावोजी.’ तसं नव्हतं, पण मी काही बोललो नाही.

गम

डाव्या काचेवर ठिकठिकाणी गम राहिला. कोरड्या फडक्याने घासला तर त्याच्या वळकट्या होतात आणि तो पसरतो. आम्ही वर्तमानपत्राची पानं भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात भिजवून काचेवर चिकटवली आणि जेवून आलो. आता मध्ये फिल्म नसल्यामुळे पाणी थेट गमाला भिडतं, म्हणून ही पद्धत या टप्प्यावर चालते, आधी नाही. परत आलो तेव्हा गम पांढुरका आणि दह्यासारखा झाला होता. दाराच्या काचेवर धातूचं ब्लेड चालतं, पण अटी आहेत: पातं नवं, काच कायम ओली, कोन निजलेला, आणि हात एकाच दिशेने. ब्लेड मागे ओढताना त्याच्याखाली अडकलेला कण काचेवर रेघ ओढतो. टफन्ड काचेच्या पृष्ठभागावर कधीकधी भट्टीतले काचेचेच बारीक कण चिकटलेले असतात. बोटाने खरखर लागते. तशी खरखर लागली तर ब्लेड बाजूला ठेवावं, कारण पातं त्या कणाला उखडून पुढे ओढत नेतं. ड्रायव्हरच्या दाराच्या काचेवर, २०१२ च्या घाईत काढलेल्या फिल्मच्या जागी, आजही तिरकं ऊन पडलं की कमानीसारखे ओरखडे दिसतात. ते या कारणाने की कोरड्या ब्लेडने, हे आता सांगता येणार नाही. पण डाव्या दारावर तसे उठू नयेत म्हणून प्रत्येक दोन-तीन फटक्यांनंतर पातं पुसलं.

शेवटची चिकट साय आयसोप्रोपिल अल्कोहोलने गेली. शेजारचे एक काका रॉकेलची बाटली घेऊन आले होते. रॉकेलने गम सुटतो, पण तेलकट पडदा मागे राहतो आणि गाडीत वास महिनाभर. पेट्रोल तर बंद गाडीत नकोच. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन काचेला काही करत नाही, पण एक थेंब दाराच्या प्लास्टिकवर पडला की तिथला पृष्ठभाग विरघळतो. काकांचा पुढचा प्रस्ताव होता फेणीचा. काजूच्या फेणीत अल्कोहोल साधारण ४२-४३ टक्के, बाकी पाणीच. गमावर तिचा परिणाम यथातथाच होणार. काकांनी मग तिचा उपयोग दुसरीकडे केला.

मागची काच

दारांचं काम म्हणजे सराव होता. मागची काच दुसऱ्या दिवसासाठी मुद्दाम ठेवली, आणि तिचे नियम वेगळे केले: धातूचं ब्लेड नाही, स्टील वूल नाही, आणि ओढायचं ते रेघांच्या दिशेने, म्हणजे आडवं. रेघांना काटकोनात ओढलं की गम रेघेची कड पकडून वर उचलतो.

गाडी तोंड फिरवून अशी लावली की मागच्या काचेवर सकाळी दहापासून ऊन पडेल. बाहेरून काचेवर पाणी मारून कचऱ्याची काळी पिशवी कापून चिकटवली. काळं प्लास्टिक ऊन पितं आणि काच बाहेरून, सगळीकडे सारखी तापते. इथे हा फायदा मोठा आहे, कारण गम आणि काच यांच्या मधल्या सांध्यालाच ऊब मिळते. आतमध्ये मागच्या फळीवरच्या स्पीकरांवर टॉवेल आणि त्यावर प्लास्टिक. रेघांच्या दोन्ही टोकांना वायरची चिमटी डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेली असते. फिल्म ओढताना ती हाताने अडकून उपटली जाऊ नये म्हणून तिच्यावर मऊ कापडाची घडी चिकटवली.

मग आत शिरायचं. हे काम माणसाला मागच्या सीटवर अर्धवट झोपून, मान वाकडी करून करावं लागतं. मेच्या उन्हात उभ्या गाडीत सहज पन्नास अंशांच्या वर तापमान जातं, म्हणून चारही दारं उघडी आणि दर थोड्या वेळाने बाहेर. सासूबाई सोलकढीचे पेले पाठवत होत्या. सासरे खुर्ची टाकून ‘सावकाश’ एवढा एकच शब्द अधूनमधून उच्चारत होते, पहिल्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसा.

वरची पट्टी आधी, मग मधली, मग खालची, कारण वरची पट्टी खालचीवर चढवलेली होती. उलट्या क्रमाने गेलो असतो तर दोन्ही एकदम ओढल्या गेल्या असत्या. फोड असलेल्या जागी फिल्म चुटकीसरशी आली. फोडांच्या मधल्या, अजून घट्ट चिकटलेल्या बेटांवर मात्र प्रत्येक बोटभर अंतराला वाफ द्यावी लागली. फिल्म उन्हाने इतकी ठिसूळ झालेली की सलग तुकडा येईना, तळहाताएवढे कपटे. पण काळी पिशवी कामाला आली होती. कपटे लहान असले तरी त्यांच्या पाठीला गम होता.

पट्टीवर पट्टी चढलेल्या दोन जागी अपेक्षेप्रमाणे गमाची जाड रेघ राहिली. तिथे पुन्हा भिजवलेलं वर्तमानपत्र, मग प्लास्टिकचं पातं, रेघांना समांतर. प्लास्टिकचं पातं लवकर बोथट होतं आणि चिडचिड होते, पण चांदीच्या लेपावर त्याची इजा जवळजवळ नाही. कडेच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यात गम ठिपक्यांच्या मध्ये बसतो आणि तिथे कुठलंच पातं पोचत नाही. जुना दात घासायचा ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून फिरवला. याला लागलेला वेळ बाकी सगळ्या काचेएवढा.

दिवसा काच आरशासारखी दिसली म्हणून कुणी काम संपलं समजू नये. गमाची पातळ साय दिवसा दिसत नाही. रात्री मागून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटभोवती ती झाकोळ धरते, आणि हे सगळं तर रात्री मागचं दिसावं म्हणूनच चाललं होतं. अंधार पडल्यावर टॉर्च काचेला तिरका धरून पाहिला. डावीकडे खाली एक पुसट फटका निघाला, अल्कोहोलचं फडकं पुन्हा फिरलं.

पहाटे डिफॉगर लावला. आधी चालू असलेल्या सगळ्या रेघा चालल्या. खालून तिसरीची दुरुस्ती त्याच दिवशी केली. तुटीच्या दोन्ही अंगांना रेघेच्या वर-खाली चिकटपट्टी, मध्ये चांदी असलेल्या वीजवाहक रंगाचा पातळ हात, तो सुकल्यावर दुसरा, आणि एक पूर्ण दिवस बटणाला हात लावायचा नाही. या रंगाची छोटी बाटली पणजीहून मागवली. सगळ्या कामात रोख खर्च झाला तो ती बाटली, अल्कोहोल आणि प्लास्टिकची पाती यांवर. स्टीमर डाग न लागता परत गेला.

तपासणीत काचांवरून प्रश्न आला नाही. मेव्हण्याला आता बाजूच्या काचांना जाळीचे पडदे लावायचे आहेत, आणि २०१२ च्या निकालातले ‘दुसरं कुठलंही साहित्य’ हे शब्द मी त्याला वाचून दाखवले आहेत. बाकी राहिली ती एकच जागा: मागच्या काचेच्या वरच्या मध्यावर, तिसऱ्या ब्रेक लाइटच्या प्लास्टिकच्या झाकणामागे, चार बोटं रुंद जांभळा तुकडा. तो काढायचा तर झाकण उतरवावं लागेल. पंधरा वर्षं उन्हात भाजलेल्या त्याच्या क्लिपा एकदा निघाल्या की पुन्हा बसणार नाहीत आणि हे झाकण सुटं मिळत नाही. तुकडा आतून दिसत नाही, बाहेरून दिव्यामागे झाकतो. त्याला हात लावलेला नाही.